गुलाबभाऊंची अर्धी शिकलेली लस

धरणगावचे गुलाबभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण पाय काही घरात टिकेनात. मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा जुना. फ्लूची लस त्यांनी बायकोसोबत, सविताबाईंसोबत, टोचून घेतली आणि त्यांना जणू फिरायचा परवानाच मिळाला.

हिवाळ्यात शेजारचे प्रेमराज तापाने पडले. एकटा माणूस, लस न घेतलेला. गुलाबभाऊ उशाशी बसून त्यांना पेज पाजायचे. सविताबाई अडवायला गेल्या तर म्हणाले, "माले काय व्हस? सुई लिन्ही शे ना!"

चार दिवसांत प्रेमराजांना धाप लागली. त्यांच्या पुतण्याने जळगावला नेलं, ऑक्सिजन लावावा लागला. आणि इकडे गुलाबभाऊंनाच हुडहुडी भरली. साखर भडकली, खोकल्याने बरगड्या ठणकायला लागल्या. तरी खाटेवरून उठत, दारापर्यंत जात, परत फिरत. सविताबाई मात्र ठणठणीत.

"तुले काहीच नही, मग मालेच कसं? सुई तर संगेच लिन्ही."

"बठ्ठासना घर जिलबी खाई येतस तुम्ही," सविताबाईंनी घरोघरच्या गोडधोडावर बोट ठेवलं, "मी खास का जिलबी?"

दवाखान्यात ते डॉ. ज्योत्स्ना यांच्यावरच घसरले. "लस बनावट होती का?"

"नाही हो, गुलाबभाऊ. लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. ती लक्षात ठेवायचं काम शरीराचं. वय झालं की शरीर सावकाश शिकतं. त्यात साखर सतत चढलेली, मग लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. तुमचं शरीर अर्धंच शिकलं असेल."

"म्हणजे सुई वायाच गेली!"

"तुम्ही खुर्चीत बसून माझ्याशी भांडताय. हा ताप तुमच्या वयात, तुमच्या साखरेत, फुप्फुसात उतरू शकला असता. अर्धी ढालही कामाला येते. पण ढाल आहे म्हणून तलवारीपुढे मान द्यायची नसते."

घरी आल्यावर गुलाबभाऊंनी पथ्य धरलं. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. पण चित्त जळगावात. दर थोड्या वेळाने पुतण्याला फोन. त्याने उचलला नाही की लगेच पुन्हा लावायचे.

प्रेमराज जगले. घरी आले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. गुलाबभाऊंना त्यांचा हात हातात घ्यायचा होता, पण खोकला पुरता गेला नव्हता. मास्क लावून अंगणातच उभे राहिले, घरात शिरले नाहीत. "प्रेमराज, मी मजार येत नही रे आते," एवढं म्हणाले आणि डोळे पुसत मागे वळले.

पुढच्या वर्षी दोघे मित्र एकाच बाकावर दंड उघडे करून बसले. सुई निघाल्याबरोबर गुलाबभाऊंनी विचारलं, "डॉक्टर, लसीला जोर यायला किती दिवस?"

"दोन आठवडे तरी. तोवर गर्दीत नको. आणि नंतरही सांभाळूनच."

दोन आठवडे! गुलाबभाऊंनी घर गाठलं. बाहेर लग्नाचा बॅन्ड वाजत होता. ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिले, पण पायरी उतरले नाहीत.