मधलं नाव

गुडगावला तेव्हा शेतं विकली जात होती आणि त्यावर इमारती चढत होत्या. मी पुण्याहून येऊन मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर झालो होतो. उदारीकरणाची नवी नवलाई. आम्हा ऑफिसवाल्यांना वाटायचं, देश आपणच चालवतोय. माझ्या कामातला एक भाग मात्र चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. निवडणूक आली की कंपनीच्या जीपगाड्या एका नेत्याच्या प्रचाराला जात, आणि मिठाईच्या डब्यासोबत किल्ल्या नेऊन देणं माझ्याकडे असे. नेताजी मला ‘पंडितजी’ म्हणत, लस्सी पाजत. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आधीच कबूल करतो.

कारखान्यात मराठी माणसं दोनच. एक मी, दुसरा कराडकडचा एक फिटर. गणपतीत तो बायकोला घेऊन आमच्या फ्लॅटवर आरतीला यायचा, खड्या आवाजात म्हणायचा. परमुलखात आपली भाषा बोलणारा भेटला की हुद्दा थोडा वेळ बाजूला राहतो. थोडाच वेळ.

पुढे कामगारांनी युनियन काढायचं ठरवलं. बारा-बारा तास काम आणि पर्मनंट करायचं नाव नाही. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. नोंदणीचा अर्ज त्यांनी सरकारी लेबर ऑफिसात दिला. तो कंपनीला दाखवायचा नसतो. पण आमचे नेताजी तोवर मंत्री झाले होते. तिसऱ्या दिवशी सह्यांच्या यादीची झेरॉक्स जनरल मॅनेजरच्या टेबलावर! कुंपणानंच शेत खाल्लं होतं. गाड्या कशासाठी दिल्या ते मला त्या दिवशी नीट कळलं, आणि तरी मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

एकेक नाव हजेरीच्या रजिस्टरशी ताडून पाहणं सुरू झालं. सगळी सापडली, एक सोडून. त्या आडनावाचा माणूसच रजिस्टरात नव्हता. मॅनेजर म्हणाले, कुणी बाहेरचा घुसला असेल, सोडा.

मी कधीच ओळखलं होतं. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. भरतीच्या वेळी इथल्या क्लार्कनं फिटरची पहिली दोन नावं उतरवली आणि आडनाव उडवलं. पाच वर्षं तो कारखान्यात वडिलांच्या नावानंच वावरत होता. युनियनच्या अर्जावर मात्र त्यानं वडिलांचं नाव गाळून आडनाव लावलं होतं.

मी गप्प बसलो असतो तर माणूस वाचला असता. मला कुणी विचारलंही नव्हतं. पण शहाणपण पाजळायची खोड!

“सर, ये तो अपना ही आदमी है,” मी हसत म्हणालो. “हमारे यहाँ बीच में बाप का नाम आता है.”

आणि रजिस्टरातल्या त्याच्या नावावर बोट ठेवलं. मॅनेजर खूश झाले. भीतीपोटी बोललो असतो तर निदान ती सबब तरी असती. मी बोललो ते मला किती कळतं हे दाखवायला. मेल्याहून मेल्यासारखं होतं आजही, ते हसू आठवलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून काढलेल्यांची यादी गेटवर लागली. काढलेले कामगार दाद मागायला नेताजींच्याच बंगल्यावर गेले. नेताजींनी हात जोडले, चहा पाजला, बघतो म्हणाले. सह्यांची ती यादी आसपासच्या कारखान्यांनाही गेली, आणि तिच्यात फिटर अर्जावरच्यासारखा आडनावानंच होता. आता त्याला तिथे कुणी उभं करणार नव्हतं.

रविवारी तो घरी आला, एकटाच. नाव कसं जुळलं हे त्यानं विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याला फक्त अनुभवाचा दाखला हवा होता.

“साहेब, रजिस्टरात आहे त्याच नावानं द्या,” तो म्हणाला. “वडिलांच्या. त्या नावावर फरीदाबादला कुठं तरी चिकटेन.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. रजिस्टर तेच सांगत होतं. मी म्हणालो, माझ्या हातात नाही, मॅनेजरना विचारावं लागेल. दाखले माझ्याच सहीनं निघत, लेटरहेड माझ्याच कपाटात असे. मॅनेजरना मी विचारलंसुद्धा नाही. शेपूट घातलं, दुसरं काय!

तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत गेलो आणि बायकोला म्हणालो, सांग, घरी नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तसं सांगितलं.

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो.

“असू दे वहिनी,” तो म्हणाला. “साहेबांना सांगा, दाखला नको आता. आम्ही उद्या गावी निघालो.”

बायकोनं चहाला बस म्हटलं. तो थांबला नाही. मला बाहेर जाता आलं असतं, जिना उतरेपर्यंत त्याची पावलं ऐकू येत होती.