अर्धा सेंटिमीटर
फुनाबोरीच्या आमच्या इमारतीत कुणी मासे तळले की मला योकोहामाच्या बंदरातला धक्का आठवतो, जिथे आम्ही गळ टाकून बसायचो. २०११च्या मोठ्या भूकंपानंतरची दोनेक वर्षं असतील. तिथे गळाला लागलेला वीस सेंटिमीटरहून लहान मासा परत सोडायचा नियम होता, पण बरेच जण तो गुपचूप बादलीत टाकत. त्या रविवारी धक्क्याच्या राखणदाराच्या बायकोला आयुष्यातला पहिला मासा लागला. ती हरखली. त्याने पट्टी लावली. "अर्धा सेंटिमीटर कमी आहे. सोडून दे." "अहो, तुमचा डबा रोज मी भरते!" "म्हणूनच. तुझा ठेवला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" फणकाऱ्याने तिने मासा सोडला आणि आमच्याकडे वळली, "बघताय काय? आता तुमच्या बादल्या दाखवा!" शेजारच्या दोघांनी मुकाट्याने आपल्या बादल्या समुद्रात उपड्या केल्या. पुढे मी कडक अधिकारी पुष्कळ पाहिले. घरापासून सुरुवात करणारा तो एकच.