कडीच्या बोल्टवरची हळद

त्या केसची फाईल बंद झाली, मीही निवृत्त झालो, पण ती मनातून गेलेली नाही. बाकीच्या केसेस आठवल्या की लोकांच्या लबाड्या आठवतात. ही आठवली की मला चक्क अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

तेव्हा मी चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरचं. मराठी बोलतो, पण महाराष्ट्रातला माणूस ती ऐकून आधी हसतो, मग समजून घेतो. आयुधपूजा, म्हणजे तुमच्याकडची खंडेनवमी, नुकतीच झाली होती. हवालदारांच्या मोटारसायकलींवर झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. अशात एका कारखान्याचे मॅनेजर तक्रार घेऊन आले. शहरातल्या गोदामातून निघालेल्या बंद लॉरीतून ब्रेकला लागणाऱ्या महागड्या सेन्सरचे खोके गायब झाले होते. दाराचं सील मात्र जसंच्या तसं होतं.

गुन्हा नोंदवून होतो न होतो तोच निनावी फोन आला. "सार, त्या महाराष्ट्रातल्या पोरीला विचारा. ऐन वेळी लॉरी तिनंच बदलली."

ही पोरगी म्हणजे कारखान्याची सप्लाय चेन सांभाळणारी, नाशिककडची, पंचविशीतली इंजिनियर. लॉरी तिनंच बदलली होती, हे खरं निघालं. कुठल्या लॉरीत काय भरलंय, हेही तिला ठाऊक. कंपनीनं तिला कामावरून बाजूला केलं आणि मी ठाण्यात बोलावलं.

महिला हवालदाराला शेजारी बसवून चौकशी सुरू केली. ती मोडक्यातोडक्या तमिळमध्ये उत्तरं देत होती. मी म्हटलं, "मराठीत सांग. मला कळतं." ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लॉरी का बदललीस?"

"ठरलेला ड्रायव्हर पूजेला गावी गेला, तो आलाच नाही. सुट्टीनंतर असं होतंच, सर. म्हणून दुसरी लॉरी आधीच सांगून ठेवली होती."

"तुझं काम तरी नेमकं काय?"

"लोकांना वाटतं, लॉऱ्या मोजायच्या. खरं तर माल कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो आणि कुठे घोटाळा होईल, ते आधी ओळखायचं. झालाच, तर दुसरी वाट तयार ठेवायची."

"म्हणजे माझंच काम," मी म्हटलं. ती हसली नाही.

मग म्हणाली, "सर, मला आत टाकायचं तर टाका, पण आधी एक फोन करू द्या. सेन्सर नाही आले तर उद्या कारखान्याची लाईन बंद पडेल. मला काढलंय खरं, पण हे अजून कुणाच्या डोक्यात आलं नसणार."

मी फोन दिला, स्पीकर चालू ठेवायला लावला. तिनं पुण्याच्या सप्लायरकडून विमानानं माल पाठवायचं कबूल करून घेतलं. स्वतःवर काय गुदरलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. चोराला फोन दिला तर तो वकिलाला लावतो, नाहीतर मेहुण्याला. माझं मन तिथेच तिच्या बाजूला झुकलं. पण मन काही पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही.

"सील शाबूत, मग दार उघडलं कसं?" मी विचारलं.

"सील कडीला असतं. कडीचे बोल्टच काढले तर सील न तोडता दार उघडेल. लॉरी बघू द्या मला."

लॉरी ठाण्याच्या आवारात उभी होती. ह्या दुसऱ्या लॉरीच्या वयस्कर ड्रायव्हरनं पूजेच्या दिवशी चाकांपासून बोल्टपर्यंत सगळीकडे चंदनाचे टिळे लावून वर कुंकू टेकवलं होतं. कडीच्या बोल्टवरही टिळे होते. कुणी हात लावल्यासारखं दिसेना. पोरीचा चेहरा उतरला.

मी वाकून बघितलं. लहानपणापासून घरातल्या विळीपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना मीच चंदन लावत आलोय. बाकीचे टिळे फिकट पडले होते, कडीवरचे गडद पिवळे. नखानं खरवडून वास घेतला. हळद होती. खाली पान्याचे ताजे ओरखडे.

ड्रायव्हरला विचारलं, तर त्याला रागच आला. "मी हळद कशाला लावू, सार? बायकोनं चंदन उगाळून दिलं होतं."

"वाटेत थांबलास कुठे?"

"लॉऱ्यांच्या यार्डात, तिथल्या मेसमध्ये जेवायला. तिथला राखणदार लॉरीकडे बघतो."

राखणदाराला आणलं. आधी तो कानावर हात ठेवून बसला. मी चोरीचं काही विचारलंच नाही. एवढंच म्हटलं, "हळद कुठून आणलीस?"

त्यानं हात जोडले. "मेसच्या स्वयंपाकघरातून, सार." बोल्ट काढले, खोके उतरवले, बोल्ट परत बसवताना बघतो तर टिळे पुसलेले. "चोरी केली ती केली, सार. पण पूजेचा टिळा पुसून तसाच कसा ठेवू? पावम्." पावम् म्हणजे पाप. माझे हवालदार हसले. मला हसू आलं नाही, त्याच्या जागी माझाही हात हळदीकडे गेला असता. खोके यार्डामागच्या जुन्या टायरांच्या ढिगात सापडले. लॉरी बदलल्याचं ड्रायव्हरच जेवताना बोलला होता, ते ऐकून संशय पोरीवर जावा म्हणून निनावी फोनही ह्या राखणदारानंच केलेला.

पोरीला कामावरून बाजूला केल्याचं कळताच निघालेले तिचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवर उतरून थेट ठाण्यात आले. ती जबाबावर सही करायला आलेली, कंपनीनं तिला कामावर परत बोलावलेलं. वडील म्हणाले, "साहेब, उपकार झाले. आता हिला घरी नेतो. इंजिनियर केली ती काय लॉऱ्यांच्या मागे धावायला?"

"बाबा, पुण्याचा माल विमानतळावरून निघालाय. मी कारखान्यात चाललेय," ती म्हणाली.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काल इथे आरोपीसारखी बसली असताना हिनं कारखाना चालू ठेवला. माझ्या ठाण्यात मी असा माणूस बघितला नव्हता. तुमची मुलगी आहे, तुम्ही ठरवा."

त्यांनी बॅग खाली ठेवली, डोळे पुसले. मुलगी निघून गेली तरी बसूनच होते. मी कॉफी मागवली.

गुन्हेगार पकडणं ही नोकरी असते. निर्दोष माणूस ताठ मानेनं कामावर परत जाणं, ही खरी कमाई, हे मला ह्या केसनं शिकवलं. कॉफी पिताना त्यांच्या पत्नीचा फोन आला. ते म्हणाले, "नाही गं, ती येत नाहीये. ती कामावर आहे."