पान एकशे बाराची पंचफुला

पंचफुलाबाईंचं नाव दिल्लीला ठाऊक आहे, पण तालुक्याच्या ऑफिसातला शिपाई त्यांना दर खेपेला विचारतो, कोण पाहिजे?

वडनेरकडच्या एका खेड्यात बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांची नाकं पुसणं, खिचडी रांधणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, यात उमर गेली. एकदा तापानं फणफणलेलं पोर घेऊन त्या दवाखान्यात धावल्या आणि नेमकी तेव्हाच तपासणी आली. गैरहजर म्हणून बाईंना काढून टाकलं. कुठं गेला होता, एवढंही कोणी विचारलं नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाई चढल्या. एका भल्या वकिलानं केस फुकट लढवली, आधी नागपूर, मग दिल्ली. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येणार नाही, बाईंना परत घ्या. गावात पेढे वाटले. झालं ते एवढंच.

ऑफिसचं पालुपद एकच, वरून पत्र आलं नाही. आता सर्वोच्चच्याही वर कोण बसलंय, देव जाणे! सरकारी काम अन् सहा महिने थांब, इथं तर वर्षं लोटली. निवृत्तीचं वय दाराशी आलं. काढलेली बाई म्हणून नव्हे, पोरांच्या गराड्यातून निरोप घेऊन जायचं, एवढीच बाईंची हौस होती.

त्या सोमवारी गेल्या तर खुर्चीवर नवा साहेब. नाव ऐकताच तो ताडकन उठला.

"पंचफुला विरुद्ध राज्य? त्या तुम्हीच का, काकू?"

त्यानं कपाटातून महत्त्वाच्या निकालांचं जाडजूड गाईड काढलं. पान एकशे बारावर बाईंचं नाव, खाली पेनानं मारलेल्या रेघा. "मले परीक्षेत हाच प्रश्न आलता! तुमच्यानंच पास झालो." त्यानं बाईंसोबत फोटो काढला, चहा मागवला. बाईंना वाटलं, पावला एकदाचा देव.

"मंग मले कामावर कधी घेता, साहेब?"

साहेबानं मोबाईल खिशात टाकला. "त्याचं वरून पत्र आलं नाई अजून. पुढच्या आठवड्यात येजा. मले मीटिंग आहे."

"अजी, पन माहं ऐका तं!"

त्यानं शिपायाला खूण केली. शिपाई म्हणाला, "चला काकू, उठा."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. आपल्या नावावर हा मेला साहेब झाला, आणि आपल्यालाच बाहेरचा रस्ता दाखवतो! त्यांनी गाईड ओढून मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बूड रोवलं.

"ऐकून घेतल्याबिगर मले काढता येत नाई," त्या शिपायाला म्हणाल्या. "तुह्या साहेबाले पाठ आहे, विचार त्याले."

मग साहेबाकडे वळल्या. "बसा खाली. त्या दिवशी पोराले लय ताप होता..."