तांब्याच्या घागरीतलं पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी अळ्या पाळायची. पहिल्या पिढीला कॅडमियम या जड धातूच्या पाण्यात बुडवलेली एरंडीची पानं दिली. त्यांच्या लेकरांना आणि नातवंडांना मात्र स्वच्छ पानं. जनुकं तीच राहतात, पण कोणतं चालू अन् कोणतं बंद, याच्या खुणा आजीकडून नातवंडांपर्यंत पोचतात का, एवढंच मला पाहायचं होतं.

दिवाळीत पुसदचं कॉलेज बंद. नातवंडांच्या बरण्या मांडीवर घेऊन मी एसटीनं आर्णीजवळच्या आमच्या गावी आले. माय म्हणाली, "लोकं अळ्या मारासाठी फवारे मारतात, अन् माही पोरगी शिकूनसवरून त्यायले चारून राह्यली."

मधेच दोन दिवस प्रबंधाच्या कामासाठी माझ्या मार्गदर्शक सरांकडे पुसदला जावं लागलं. पानं धुऊन घालायचं मायला सांगून गेले.

परत आले तर ओसरीवर सणासाठी चिंचेनं घासलेली तांब्याची घागर, आणि तिच्यात बुडवून ठेवलेली एरंडीची पानं.

"माय, यात काहून?"

"नळाच्या पान्याले पावडरचा वास येते. रातभर तांब्यात ठेवलं का पानी शुद्ध होते. तुह्या लेकरायले चांगलं पानी नको का?"

ती घागर मायच्या मायची. तिच्यातलं पाणी आमच्याकडे पाहुण्यालाच मिळतं.

तांब्यात राहिलेल्या पाण्यात तांबं उतरतं, आणि तांबंही जड धातूच. ज्या पिढीच्या तोंडी धातू जाऊच द्यायचा नव्हता, तिला मायनं दोन दिवस मायेनं तोच चारला होता.

माय माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "म्या बिघडोलं का?"

"हाव," मी म्हटलं. खोटं बोलता आलं नाही.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नोंद केलीस तर पहिल्या पिढीपासून पुन्हा. वर्ष जाईल." घागरीची गोष्ट आम्हा मायलेकी आणि सर यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. तरी मी वहीत लिहिली, मायनं सांगितली तशीच. घरातली पहिली पदवी मी खरं सांगूनच घेतली होती, दुसरीही तशीच घेणार होते.

नव्या अंड्यांची बरणी घेऊन गावी गेले, तेव्हा मायनं पानांसाठी काचेचं भांडं वेगळं काढून ठेवलं होतं. बरणीकडे पाहून तिनं विचारलं, "त्या जुन्या अळ्यायच्या पोरायले कळलं असतं का, म्या कोनत्या पान्यात पानं ठेवले होते ते?"

"तेच तं शोधून राह्यली मी, माय."

तिनं पानं घेतली आणि एकेक पुसू लागली.