बाबांचं लुगडं डोलकाठीवर

माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता आणि ही गोष्ट आमच्या समस्त नातलगांना तोंडपाठ होती. मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. सागरी प्रवाह, व्यापारी वारे, प्रवाळ बेटं, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवायचे, आणि स्वतः मात्र देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तशी तीनदा निघाले होते. पहिल्यांदा आई आजारी पडली. दुसऱ्यांदा सहल नेणारी कंपनीच बंद पडली. तिसऱ्यांदा बॅगा भरून दारात ठेवल्या आणि कोरोनाने जगातली सगळी विमानं खाली उतरवली. तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "आता त्या पासपोर्टले देव्हाऱ्यात ठेव वं. रोज हळदकुंकू तरी लागंल."

मी सगळ्यांसोबत हसले, पण बोलणं मनाला लागलं. पुढच्या वर्षी पासपोर्टची मुदत संपणार होती. तो कोरा संपू द्यायचा नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं. कसं ते मात्र ठाऊक नव्हतं.

मार्ग काढला धाकट्या भावाने. त्याचं आयुष्य मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्याने शिडाची एक जुनी नौका विकत घेतली आणि कोचीला बांधून ठेवली. महामारीच्या दुसऱ्या वर्षी तो मालदीवला निघणार होता, पण सोबत येणारे त्याचे दोन मित्र आपापल्या देशात अडकले. त्याने मला फोन केला.

"ताई, येतं का? विमानानं येणाऱ्यायचं काही खरं नाही, पण मालदीववाले नावेनं येणाऱ्याले घेऊन राहिले. तपासणी करतात, अन् मग शिक्का मारतात."

शिक्का हा शब्द ऐकला आणि मी हो म्हणून टाकलं. मग आठवलं की यजमानांना विचारायचं राहिलं. हे मौद्याच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. मला वाटलं आता घरात रामायण होईल. ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "रात्री नावेवर जागं कोण राहते?"

"पाळीपाळीनं जागतात म्हणे."

"म्हणजे शिफ्ट ड्युटी. मग चाल. मले जमते ते."

भावाने फोनवर आणखी एक काम सांगितलं. परदेशी बंदरात शिरताना नौकेवर पिवळा झेंडा लावायचा असतो. आमच्या नौकेवर कोणी आजारी नाही, येऊन तपासा, असा त्याचा अर्थ. तपासणी होईपर्यंत कोणी किनाऱ्यावर जायचं नाही. शिक्का मिळाला की पिवळा उतरवायचा आणि मान म्हणून त्या देशाचा झेंडा चढवायचा. दुकानं बंद होती, तेव्हा दोन्ही झेंडे मी शिवून आणावेत.

पिवळा सोपा होता. हळदीत भिजवलेला मांजरपाटाचा तुकडा घेतला, झालं काम. मालदीवचा झेंडा लाल, मधोमध हिरवा चौकोन, त्यात पांढरी चंद्रकोर. मी कपाट उघडलं आणि हात आपोआप बाबांनी विणलेल्या लुगड्यावर गेला.

आमचं घर कोष्ट्यांचं. माझ्या लहानपणी घरातला माग सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत खडखडत राहायचा. त्या मागावरून उतरलेलं शेवटचं नऊवार बाबांनी मला दिलं होतं. लालभडक अंग, दोन्ही बाजूंना रुंद हिरवे काठ. त्यानंतर माग उकलून माळ्यावर गेला. बाबा कधी नागपूर-उमरेडच्या पलीकडे गेले नाहीत, पण त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. "माह्यं कापड माह्यापेक्षा जास्त फिरते," असं ते मिशीत हसून सांगायचे.

विणकराच्या घरात एक रीत असते, निदान आमच्या घरात होती. मागावरून अखंड उतरलेल्या लुगड्याला कात्री लावायची नाही. फाटलं तर सांधायचं, विरलं तर त्याची गोधडी करायची, पण धडक्या कापडावर कात्री नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मी हातात घेतलेली कात्री खाली ठेवली. लुगड्याच्या घड्या अशा घातल्या की दोन्ही हिरवे काठ मधोमध शेजारी शेजारी आले, आणि सगळं कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलं. चंद्रकोर यांच्या नव्या बनियनमधून कापली. बनियनला आमच्याकडे कसलीच रीत नाही.

कोचीला नौकेवर मी मोठ्या ऐटीत तो झेंडा भावासमोर धरला. तो बघतच राहिला.

"ताई, हे काय हाय? हा झेंडा नाही, गोधडी हाय! पाहुण्या देशाचा झेंडा रुमालाएवढा असते. आपल्या तिरंग्याहून तो मोठा लावलेला चालत नाही. अन् हे एवढं जड कापड वाऱ्यानं हालंल तरी का?"

"मंग कापू का बाबाचं लुगडं?" मी विचारलं. शेवटी कोऱ्या कागदावर रंग भरून एक छोटा झेंडा त्याने स्वतःच केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि माझी गोधडी बिछान्याखाली गेली. मला राग आला होता. भूगोलाच्या बाईला झेंडा कळत नाही, असं कोणी म्हणायचं?

प्रवासातले सुरुवातीचे दिवस मी बादलीला मिठी मारून काढले. फळ्यावरचा समुद्र निळा आणि सपाट असतो, खरा समुद्र पोटात शिरून ढवळतो. पण एकदा पोट स्थिरावलं आणि मग काय सांगू! डेकवर बसून मी पोरांना शिकवलेला एकेक धडा डोळ्यांनी तपासून घेतला. वारा कुठून येतो, प्रवाह कुठे ओढतो, सगळं पुस्तकात होतं तसंच निघालं. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. यजमान ठरलेल्या वेळी उठायचे, ठरलेल्या वेळी चहा मागायचे आणि आपली पाळी संपली की भावाला रीतसर "चार्ज" द्यायचे. इतकी वर्षं जहाजावर काढलेला माझा भाऊ त्यांच्यासमोर सरळ उभा राहायचा.

मालदीवच्या उत्तर टोकाच्या एका लहान बेटाजवळ आम्ही पोहोचलो. पिवळा झेंडा वर गेला. किनाऱ्यापासून बरंच दूर, दाखवलेल्या जागी नांगर टाकला. आमची सोडून तिथे दुसरी नौका नव्हती. पांढरे अंगरखे घातलेले लोक मोटरबोटीतून आले, आमच्या नाकातले नमुने घेतले आणि म्हणाले, नमुने दुसऱ्या बेटावर तपासायला जातील, निकाल रेडिओवर सांगू, तोवर नौका सोडायची नाही. बेटावरची नारळाची झाडं, मशीद, पांढरी वाळू सगळं दिसत होतं. मी पासपोर्ट उशाशी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर वेगळंच ऐकू आलं. भारतात साथ फार वाढल्यामुळे उद्या संध्याकाळपासून भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद. ज्यांची तपासणी त्याआधी पूर्ण होईल आणि शिक्का बसेल ते राहू शकतील, बाकीच्यांनी परत फिरायचं. भावाचा चेहरा उतरला. वारा फिरायला लागला होता, त्याच्या तोंडावर कोचीपर्यंत परत जाणं म्हणजे हाल होते. मला त्या हालांपेक्षा उशाचा पासपोर्ट दिसत होता. चौथ्यांदा!

त्यानंतर रेडिओ एक शब्द बोलला नाही. निकाल आला नसेल म्हणून आम्ही वाट पाहिली. बंदीच्या दिवसाची सकाळही गेली तेव्हा भावाने रेडिओ उघडून पाहिला. डोलकाठीवरून खाली येणारी तार खाऱ्या पाण्याने खाऊन टाकली होती. आमचा आवाज जात नव्हता आणि त्यांचा येत नव्हता. हातातला छोटा रेडिओ आधीच एका लाटेत भिजून गेलेला, मोबाईलला तिथे रेंज नव्हती. भोंगा वाजवून पाहिला, पण वारा किनाऱ्याकडून तिरका आमच्याकडे येत होता, आवाज मागच्या मागे समुद्रात जायचा.

"मी छोटी नाव घेऊन वल्हवत जातो," भाऊ म्हणाला.

यजमान आडवे आले. "पिवळा झेंडा वर हाय ना गा? म्हणजे परमिट नाही. प्लांटमध्ये परमिट नसताना आम्ही मशीनले बोट लावत नव्हतो. तू तिकडे पाय ठेवला का ते आपल्याले तसंच हाकलतीन."

"मंग काय, संध्याकाळपर्यंत असंच बसून राहायचं?"

दोघांची जुंपली. मी त्यात पडले नाही. किनाऱ्यावर माणसं दिसत होती, मुंगीएवढी, पण दिसत होती. ती आमच्याकडे बघत नव्हती इतकंच. बघायला लावायचं कसं? तिरंगा आणि हळदीचा तुकडा एवढ्या लांबून कोणाच्या नजरेत भरणार होता?

आणि मला आमची गल्ली आठवली. लुगडी धुऊन वाळत घातली की या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग फडफडत असायचे. नाक्यावर वळलं की माणसाला आधी ते दिसायचे, मग घरं.

मी बिछान्याखालून ती गोधडी ओढली आणि कच्चे टाके उसवायला बसले. एकेक टाका सरसर निघाला. चंद्रकोर यांच्या हातात दिली. घडी उलगडत गेली आणि बाबांचं नऊवार अखंडच्या अखंड माझ्या मांडीवर उघडलं, कुठे एक छेद नाही. झेंड्यासाठी त्या दिवशी मी ते कापलं असतं, तर माझ्या हातात लाल-हिरवे रुमाल उरले असते.

"दोर दे," मी भावाला म्हटलं.

"ताई, त्याचा काही अर्थ नाही होत. असा कोणताच झेंडा नसते."

"नसू दे. दोर दे मले."

पदराची दोन टोकं मी दोराला बांधली, तुटलेला धागा सांधताना बाबा मारायचे ती गाठ मारून. ती गाठ ओढाल तितकी घट्ट होते. भावाने दोर ओढला. अर्ध्या डोलकाठीपर्यंत लुगडं लोंबतच गेलं. मग वाऱ्याने ते उचललं. फाडकन आवाज झाला आणि ते सगळं कापड एकदम पसरलं, लाल, लांबच लांब, कडेने हिरव्या रेघा, आमच्या नौकेच्या मागे थेट पाण्यावर. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण यजमान म्हणतात की मी "बाबा" म्हणून ओरडले.

किनाऱ्यावरच्या मुंग्या थांबल्या. हात वर झाले. थोड्याच वेळात मोटरबोट आमच्या दिशेने फेस काढत निघाली.

बोटीत तोंडाला मास्क बांधलेली एक अधिकारी बाई होती. ती आधी वैतागूनच बोलली, इंग्रजीत. तुमचे तिघांचेही निकाल कालच आले, कोणालाही लागण नाही, आम्ही कालपासून रेडिओवर बोलावून थकलो. उत्तर देत नाही म्हणून आम्हाला वाटलं तुम्हाला परत जायचं असेल. आज संध्याकाळी तुमचं नाव यादीतून काढून टाकणार होतो. भाऊ तारेची कहाणी सांगू लागला, पण तिचं लक्ष वर होतं.

"हा कोणत्या देशाचा झेंडा?" तिने मला विचारलं.

"माझ्या वडिलांचा," मी म्हणाले. "त्यांनी विणलाय."

तिने पुन्हा एकदा मान वर करून ते पार टोकापर्यंत पाहिलं. मास्कच्या वर तिचे डोळे हसले. मग तिने पासपोर्ट मागितले. माझा पासपोर्ट तिने उघडला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि कुठेही काही नाही म्हटल्यावर तिने शिक्का पहिल्याच पानावर, अगदी मधोमध मारला. शाई वाळेपर्यंत मी तो मिटू दिला नाही.

पिवळा उतरला, भावाचा पिशवीतला कागदी झेंडा रुबाबात चढला. "चला, किनाऱ्यावर जाऊ," तो म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. लुगडं खाली उतरवून घेतलं. मिठाने ते कडक झालं होतं. केबिनमध्ये जाऊन मी ते काष्टा मारून नेसले. आईसारखं जमलं नाही, पण जमलं. छोट्या नावेत उतरताना यजमानांनी माझा हात धरला आणि मग त्यांनाच आधार लागला.

नाव वाळूला लागली. मी ओचा सावरला आणि खाली उतरले. पाणी घोट्यापर्यंत होतं, हिरवा काठ भिजला. बाबांचं कापड त्यांच्यापेक्षा जास्त फिरायचं हे खरंच होतं. फक्त या वेळी ते मला सोबत घेऊन आलं होतं.