मनोहरभाऊ एकटे का गेले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, ज्या दिग्दर्शकाच्या घरी महिनोन् महिने बसून सिनेमा लिहिला त्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला धड कळत नाही. पण बसा जरा. मी सरळ सांगणाऱ्यांतली नाही. पटकथा लिहिते ना, वळसे घ्यायची खोड लागली आहे.

मुलाखतीत मला हमखास विचारतात, तुम्ही गोष्टी का लिहिता? उत्तर पाठ आहे माझं. सिंदेवाहीच्या पलीकडचं आमचं गाव, गावाला खेटून जंगल, त्या जंगलातल्या माणसांचं ऐकायला कुणी नाही—म्हणून लिहिते. टाळ्या पडतात. मी मान खाली घालते, अगदी नम्र. थापा आहेत सगळ्या.

माझा पहिला सिनेमा मनोहरभाऊंवर आहे. शेजारचे. नात्यातले नाहीत, पण माझ्या शाळेच्या दाखल्यापासून कॉलेजच्या होस्टेलपर्यंत सगळीकडे धावले ते. चैतात पहाटे मोहफुलं वेचायला गेले आणि वाघानं नेलं. आमच्याकडे असं होतं. पण ते एकटे का गेले, हे मात्र गावात कुणाला उमगलं नाही. मोह वेचायला एकटं कुणी जात नाही हो. घोळक्यानं जातात, आणि बोलत जातात, मोठ्यानं. सुनेची कागाळी, नवऱ्याची नक्कल, गाणं, काहीही, पण तोंड बंद ठेवायचं नाही. गप्प माणूस वाकून वेचायला लागला की वाघाला तो जनावर वाटतो, असं म्हातारे सांगतात. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

आणि पटकथेत तर हा प्रश्न उघडा ठेवून चालतच नाही. माणूस एखादी गोष्ट का करतो, ते दिसावं लागतं. म्हणून मी कारण लिहिलं. रात्री बायको त्याला टाकून बोलते. घरात दाणा नाई अन् तुम्ही लोळून राह्यले, म्हणते. सगळ्यांच्या आधी जा, म्हणते. तो रागारागात अंधारातच निघतो. दीड पानाचा सीन. सगळ्यांना आवडला. त्या नटीला बक्षीससुद्धा मिळालं.

नावं बदलली होती मी. पण गावाला का कळत नाही, कुणाची गोष्ट आहे ती? विहाराच्या पटांगणात पडदा लावून दाखवला, माझीच हौस. वनितावहिनी, म्हणजे मनोहरभाऊंची बायको, पुढच्या रांगेत होती, नवी साडी नेसून. तो सीन झाला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आता समजलं, काऊन गेला एकटा." हळूच म्हणालं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. तिच्या पोरालाही. आकाशला.

काही दिवसांनी वहिनी माझ्याकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. "सुजाता, मी तं झोपून होती," म्हणाली. "मले सांगून नाई गेले ते. तुले कोणं सांगतलं, मी पाठवलं म्हून?"

मी म्हटलं, वहिनी, सिनेमातली बाई आहे ती, तुम्ही नाही.

"मंग आकाशले सांग ना तसं. माह्या हातचं जेवत नाई तो."

सांगते म्हटलं. सांगितलं नाही.

किती फिरवते आहे तुम्हाला. येते आता मुद्द्यावर.

शिकून नुकतीच परतले होते तेव्हा. डोक्यात एक खूळ शिरलं होतं—पहाटे मोहफुलं पडतात, तो आवाज मला पाहिजे. पाचोळ्यावर एक फूल पडतं, टप. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा टप. बायांसोबत जाऊन पाहिलं, पण त्यांच्या बडबडीपुढे काही ऐकूच येईना. चिडले मी. संध्याकाळी मनोहरभाऊंना माझा फोन दिला, रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. म्हटलं, भाऊ, एवढं करून द्या ना जी. बायांच्या आधी जा. एकटेच जा. आणि तिथं बिलकुल बोलू नका—खोकू पण नका.

ते हसले. "तू सांगतलं म्हणजे झालं," म्हणाले.

मी स्वतः का नाही गेले? भीती वाटत होती मला. हे आधीच सांगायला पाहिजे होतं.

शोधायला सारं गाव निघालं, मीही. टोपली सापडली. थोडं अलीकडे, मोहाच्या बुंध्याशी, फोन पडला होता—चालूच. कुणी पाहायच्या आत मी तो ओढणीत गुंडाळला. भाऊ अजून सापडले नव्हते, आणि मी फोन लपवत होते. त्यातला सुरुवातीचा तुकडा पुढे सिनेमात वापरला. होय, वापरला. आवाजाची फार तारीफ झाली. पुढचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा तो सीन काही गोष्टीची गरज म्हणून लिहिला नव्हता. त्यांच्या जाण्याला मला दुसरं कारण पाहिजे होतं, आणि वहिनी हाताशी होती. मी का लिहिते, त्याचं खरं उत्तर हे आहे.

आकाश आता घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात आहे. आईकडे येत नाही. मागच्या महिन्यात वहिनीला सांगून मी त्याच्याकडे गेले, सगळं बोलायचं ठरवूनच. शिफ्ट सुटल्यावर आला, केसांत धूळ. टपरीवर बसलो. मी म्हटलं, तुझ्या आईनं नव्हतं पाठवलं रे, ते मी मनानं लिहिलं.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग बाबा एकटे काऊन गेले, ताई?"

हाच तो प्रश्न. याच्यावर पोट भरते मी. उत्तर जिभेवर होतं.

"माहीत नाई रे," म्हटलं.

आईवरचा त्याचा राग तसाच राहिला—का नाही राहणार? मी दिलेलं कारण मी परत घेतलं, पण बदल्यात दिलं काहीच नाही.

स्टँडवर मला सोडायला आला. गावचं कुणी आहे का म्हणून बसच्या एकेका खिडकीत पाहत फिरला. "एकटी जाऊन राह्यली तू," म्हणाला. "रस्ता जंगलाचा आहे. कोणासंग तरी बोलत जाजो, ताई."

हो म्हटलं.

गावाच्या फाट्यावर वनितावहिनी वाट पाहत उभी होती. मी उतरले तशी पुढे आली. "सांगतलं का त्याले?"

मी म्हटलं, सांगितलं.